शशी कपूर, लेब्रॉन जेम्स आणि ‘मानवी चूक’ नावाचं स्पष्टीकरण

४ डिसेंबर २०१७ ला मुंबईत शशी कपूर गेले. त्या रात्री बीबीसीच्या ‘न्यूज ॲट टेन’ने बातमी दिली आणि पडद्यावर दिसले अमिताभ बच्चन आणि ऋषी कपूर! चाहते भडकले. अनेकांचा सूर एकच होता: तुम्हाला आम्ही सगळे सारखेच दिसतो का? कार्यक्रमाचे संपादक पॉल रॉयल यांनी माफी मागितली. चुकीची दृश्यं गेली, हा आमचा नेहमीचा दर्जा नाही, असा तिचा आशय.

२६ जानेवारी २०२० ला बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट हेलिकॉप्टर अपघातात गेला. तोच कार्यक्रम, तेच संपादक. बातमीच्या एका भागात दिसला लेब्रॉन जेम्स. पुन्हा माफी, पुन्हा ‘नेहमीच्या दर्जापेक्षा कमी’, आणि या वेळी कारणही दिलं: मानवी चूक.

आता हे रिसर्चवाल्यांच्या नजरेने बघू. इथे दोन दावे आहेत. चाहते म्हणतात, हा वंशभेद. संपादक म्हणतात, ही मानवी चूक. राग बाजूला ठेवून दोन्ही तपासायचे. (मला स्वतःला ते जड गेलं. २०१७ ला मीही भडकलेच होते.)

चाहत्यांचा दावा हवेत नाही. आपल्या वंशगटातले चेहरे माणसाला जास्त नीट ओळखता येतात, हे मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसलंय. मायस्नर आणि ब्रिगम यांनी २००१ मध्ये तीस वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यातही हा परिणाम टिकला. पण आपल्याकडे घटना किती? दोन. त्या निवडल्या कोणी? त्या गाजल्या म्हणून आपल्याला माहीत. त्या काळात एकूण किती मृत्यूच्या बातम्या दाखवल्या, त्यातल्या कितींमध्ये गोऱ्या कलाकारांचे चेहरे चुकले, हा छेद आपल्या हातात नाही. छेदाशिवाय प्रमाण काढता येत नाही.

मग मी माझा आवडता पेपर काढला. जेन्किन्स आणि सहकाऱ्यांचा, २०११ चा. दोन डच सेलिब्रिटींचे प्रत्येकी २० फोटो मिसळून लोकांना दिले आणि सांगितलं, माणसागणिक गठ्ठे करा. ज्यांना हे चेहरे अनोळखी होते त्या ब्रिटिश लोकांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. डच लोकांनी बहुतेक वेळा बरोबर दोन. म्हणजे प्रश्न फक्त वंशाचा नाही, ओळखीचाही आहे. मला वाटलं, मिळालं उत्तर! पण नीट वाचा. त्या लोकांनी एका माणसाचे अनेक केले. दोन वेगळ्या माणसांना एक समजण्याची चूक फार कमी झाली. बीबीसीची चूक नेमकी उलट जातीची आहे. आपल्या बाजूचा वाटणारा पेपर घाईने जोडू नये, तो यासाठी.

म्हणून चुकांचा आकार बघितला. बच्चन आणि ऋषी कपूर शशी कपूरसारखे दिसतात म्हणून आले का? मला नाही वाटत. ‘कभी कभी’मध्ये (१९७६) तिघंही आहेत. लेब्रॉनने कोबीच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी एकूण गुणांच्या यादीत त्याला मागे टाकलं होतं, म्हणजे त्या दृश्यांच्या बातमीत कोबीचं नाव असणारच. माझा अंदाज असा: साठ्यात नाव शोधलं, त्या नावाशी जोडलेली चित्रफीत आली, आणि बघणाऱ्याला चेहरा ओळखता आला नाही. हा अंदाजच आहे. पण तो तपासता येतो. एकत्र उल्लेख होणाऱ्या व्यक्तींमध्ये गोंधळ जास्त होतो का, हे मोजा. तसं दिसलं नाही तर माझा अंदाज पडला.

आपणही साव नाही, बरं का. शशी कपूर गेले त्याच दिवशी एका भारतीय इंग्रजी वाहिनीच्या ट्विटमध्ये नाव गेलं शशी थरूर यांचं. त्यांच्या ऑफिसला सांत्वनाचे फोन आले. तिथे घसरलं नाव, लंडनला घसरला चेहरा. दोन्हींना ‘चूक’ म्हटलं तर फरकच पुसला जातो.

माझी अशीच फजिती सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी फील्डवरचे फोटो लॅबमध्ये बसून लावत होते. टोपली कारवीचे काही फोटो मोठ्या कारवीच्या फोल्डरमध्ये गेले. फोटोत झुडपाची उंची कळत नव्हती. लॅबमध्ये तिघांनी पाहिलं, कोणीच काही बोललं नाही. पुढच्या फेरीत आमच्यासोबत डोंगर चढणाऱ्या मामांना लॅपटॉपवर दाखवलं. दोन सेकंदांत म्हणाले, “ताई, ही टोपली आहे. कोणी सांगितलं तुला कारवी?” मी तेव्हा वहीत ‘नजरचूक’ लिहिलं असतं तर गाइड गप्प बसले असते, आणि पुढच्या वर्षी मी परत तेच केलं असतं. त्याऐवजी नियम केला: फोटोत मोजपट्टी हवी आणि आकडेमोडीआधी फोटो मामांनी बघायचे.

म्हणून माझ्या मते चाहत्यांचं कारण अर्धंच सिद्ध होतं, पण त्यांचा प्रश्न बरोबर आहे. शशी कपूर ब्रिटनला अनोळखी नव्हते. ‘द हाउसहोल्डर’ (१९६३) आणि ‘हीट अँड डस्ट’सारखे (१९८३) इंग्रजी चित्रपट, पत्नी जेनिफर केंडल इंग्रज. इतकं असून त्या रात्री फीत प्रसारित होईपर्यंतच्या साखळीत ‘अहो, हे ते नव्हेत’ असं म्हणणारं कुणी नव्हतं, किंवा त्याला विचारलं गेलं नाही. घरी टीव्हीसमोर बसलेल्या चाहत्याला ते क्षणात कळलं. ‘मानवी चूक’ हे उत्तर खोटं नाही, पण निरुपयोगी आहे. ते कधीच चुकीचं ठरू शकत नाही आणि काय बदलायचं तेही सांगत नाही. २०१७ नंतर २०२० आलं, ते बघा.

तुमच्या प्रपोजलमध्ये ‘मर्यादा’ लिहिताना ‘मानवी चुका संभवतात’ हे वाक्य टाकणार असाल तर थांबा. कुठली चूक, कुठल्या पायरीवर, आणि ती कोणाला दिसेल, हे लिहा. आणि त्या माणसाला आधीच बोलवा.