‘शालूचं पुढं काय झालं?’ : एका प्रतिक्रियेचं वाचन

पेट झाली, आता आरआरसीसमोर विषय मांडायचाय. अशा वेळी बऱ्याच जणांच्या वहीत एक ओळ ठरलेली असते : ‘अमुक चित्रपटाविषयी प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया : एक अभ्यास’. विषय वाईट नाही. पण ‘प्रतिक्रिया’ म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवलं नाही तर तीन वर्षांनी हातात फक्त आवडला-नावडलाचा तक्ता उरतो. म्हणून आज एकच प्रतिक्रिया घेऊ आणि ती नीट वाचू.

चित्रपट : नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. प्रतिक्रिया : ‘पिक्चर भारी आहे, पण लव्हस्टोरी अर्धवट सोडली. शालूचं पुढं काय झालं?’ ‘फँड्री’चा विषय निघाला की असं म्हणणारं कुणीतरी भेटतंच. त्यावर जाणकारांचं उत्तर ठरलेलं : ‘अरे, हा जातीवरचा सिनेमा आहे, तुला कळलाच नाही.’ संशोधक म्हणून तुम्ही इथंच थांबायला हवं. समोरच्याला कळलं नाही, हा निष्कर्ष झाला; त्याआधीचं विश्लेषण कुठंय?

आधी अपेक्षा कुठून आली ते बघा. हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकानं ‘अपेक्षांचं क्षितिज’ अशी कल्पना मांडली. वाचक कोऱ्या मनानं कलाकृतीकडे येत नाही. आधी वाचलेलं, पाहिलेलं, ऐकलेलं सोबत घेऊन येतो. ‘फँड्री’ चित्रपटगृहांत आला तो 14 फेब्रुवारी 2014 रोजी, म्हणजे ऐन व्हॅलेंटाइन डेला. प्रसिद्धीसाठी अजय-अतुल यांचं प्रेमात वेड्या झालेल्या पोराचं गाणं वाजत होतं. मग प्रेक्षक प्रेमकथा शोधत आला तर त्यात त्याचा काय दोष? ती अपेक्षा त्याला दारातच दिली होती. तुमच्या प्रबंधात चित्रपटाची तारीख, जाहिरात आणि गाणी यांना जागा हवी ती यासाठी.

आता कथेकडे. जब्या कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा. त्याला शालू आवडते, पण मनातलं तो तिला सांगू शकत नाही. काळी चिमणी जाळून तिची राख तिच्यावर टाकली की ती आपल्यावर प्रेम करेल, या आशेवर तो गलोल घेऊन रानोमाळ हिंडतो. शेवटी गावाच्या सांगण्यावरून त्याच्या कुटुंबाला डुकरं धरावी लागतात, तीही शाळेजवळ. ‘फँड्री’ या शब्दाचा कैकाडी बोलीतला अर्थच डुक्कर. बघ्यांमध्ये शालूही असते. पोरं चिडवतात, जब्या दगड उचलतो, आणि शेवटचा दगड थेट पडद्यातून आपल्या दिशेनं येतो.

माझं म्हणणं असं की ही लव्हस्टोरी अर्धवट नाही. ज्या क्षणी शालू त्याला डुकरामागे पळताना बघते, त्याच क्षणी ती संपते. प्रेमाचं उपकथानक काढून टाका आणि शेवट पुन्हा बघा : अन्याय तेवढाच राहील, पण जब्याची लपण्याची धडपड जाईल. कुणाच्या नजरेत आपल्याला वेगळं दिसायचंय, हे असल्याशिवाय ती लाज इतकी जळजळीत होत नाही. म्हणजे प्रेम हे इथं जातीच्या गोष्टीला लावलेलं ठिगळ नाही. जात नेमकी कुठं लागते ते प्रेमामुळेच दिसतं.

पण मग ‘शालूचं काय?’ हा प्रश्न बाद होतो का? नाही. इथं चित्रपटाची एक खरी उणीव सापडते. शालूला काय वाटतं, हे आपल्याला कधीच कळत नाही. आपण तिला जब्याच्या डोळ्यांनी, लांबून बघतो. ‘त्याला ती मिळाली का?’ म्हणून विचारणारा एक प्रेक्षक आणि ‘तिचं मन कुणी दाखवलंच नाही’ म्हणून विचारणारी दुसरी, दोघांचं वाक्य मात्र एकच असू शकतं. तुमच्या प्रश्नावलीत दोघं एकाच रकान्यात पडणार. म्हणून प्रत्येक उत्तरानंतर आणखी एक प्रश्न विचारायचा : ‘पुढं काय व्हायला हवं होतं?’

दिग्दर्शकाच्या पुढच्या ‘सैराट’मध्ये (2016) आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, समोरच्याला सुनावते. ‘शालूबद्दलच्या तक्रारीला हे उत्तर आहे’ असं लिहायचा मोह होईल. लिहू नका. पुरावा नसताना दोन कृतींमधलं साम्य किंवा फरक म्हणजे कारण नव्हे. तुलना करायचीच तर जिथं एकाच शेवटाची दोन रूपं आहेत तिथं करा. ‘ॲटॅक ऑन टायटन’ या जपानी मालिकेच्या चित्रकथेचा शेवटचा भाग एप्रिल 2021 मध्ये आला. मिकासानं निदान दहा वर्षं तरी दुसऱ्या कुणाचं होऊ नये, असं एरेन रडत म्हणतो, आणि त्यावर अनेक वाचक भडकले. नोव्हेंबर 2023 मधल्या ॲनिमेच्या शेवटात तो संवाद विस्तारून, बदलून आला. इथं शब्द शब्दाशी ताडून बघता येतो.

राहिला सगळ्यात नाजूक मुद्दा : विचारणार कुणाला? आपल्या विद्यापीठाच्या नावासाठीच 1978 चा ठराव ते 14 जानेवारी 1994 चा नामविस्तार एवढा मोठा संघर्ष झाला. या शहरातला प्रेक्षक तो इतिहास घरातून ऐकून आलेला असतो, कोण कोणत्या बाजूनं ते सांगता येत नाही. तुमच्यासमोर बसलेला मुलगा कदाचित बघ्यांमध्ये उभा राहिलेला असेल, कदाचित स्वतः जब्या असेल. आडनावावरून अंदाज बांधू नका. सगळ्यांसमोर, वर्गात हात वर करायला लावून तर अजिबात विचारू नका. नाहीतर शाळेजवळचा तोच देखावा तुम्ही पुन्हा उभा कराल, फक्त हातात दगडाऐवजी प्रश्नावली असेल. आधी परवानगी घ्या, एकट्यानं भेटा, आणि ‘या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही’ असा पर्याय छापील स्वरूपात ठेवा.

सुरुवात स्वतःपासून करा. शेवटची वीस मिनिटं बघा आणि डुक्कर धरताना आपल्याला कुठं हसू आलं, ते वेळेसकट वहीत लिहा. मग त्याखाली लिहा, त्या वेळी पडद्यावर कोण हसत होतं. या दोन ओळी ज्याला प्रामाणिकपणे लिहिता आल्या, त्याला दुसऱ्याची प्रतिक्रिया विचारायचा थोडा अधिकार मिळाला असं समजा.