कलकत्त्याचा डाव, ग्रुनफेल्डचं नाव

मंडळी, नाव एकाचं आणि वस्तू दुसऱ्याची, हा प्रकार पिंगुळीकरांना मी समजावून सांगायची गरज नाही. इथल्या ठाकर मंडळींच्या चित्रकथीच्या पोथ्या पुस्तकांतून बराच काळ 'पैठण शैली' म्हणून वावरल्या. बुद्धिबळात डावाच्या सुरुवातींना जी नावं पडली, त्यांतही असाच घोळ आहे. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

जॉन कॉक्रेन हा कलकत्त्यात वकिली करणारा स्कॉटिश माणूस, त्या काळातला नामांकित खेळाडू. तिथला त्याचा प्रतिस्पर्धी महेशचंद्र बॅनर्जी. दोघांचे बरेच डाव टिकले ते कॉक्रेनने लिहून ठेवले म्हणून. हे ऋण आधी मान्य करू. 1848 साली या दोघांच्या एका डावात कॉक्रेनने चौथ्याच खेळीला घोडा देऊन काळ्या राजाच्या उंटापुढचं प्यादं मारलं. त्याला आजही 'कॉक्रेन गँबिट' म्हणतात. ठीक आहे, चाल त्याची, नाव त्याचं.

आता 1855 चा डाव घ्या. पांढरी मोहरी कॉक्रेनची. महेशचंद्रांनी राजाकडचा घोडा बाहेर काढला, मग त्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं आणि तिसऱ्या खेळीला वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. पटाचा मधला भाग पांढऱ्याला घेऊ दिला, कोपऱ्यातून उंट रोखला आणि आठव्या खेळीला त्या मधल्या भागावर घाव घातला. खेळणाऱ्यांनी ओळखलं असेलच. 1922 साली व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने हाच बचाव खेळून अलेखाइनला हरवलं, आणि बचावाला नाव मिळालं ग्रुनफेल्डचं. मधे सदुसष्ट वर्षं गेली होती!

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. आपल्या जुन्या खेळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं. त्या सवयीने महेशचंद्र प्यादी हळूहळू सरकवत, त्यात विचार कसला? मला हे पटत नाही. घोड्यापुढच्या प्याद्यापुरतं चालेल. पण तिसऱ्या खेळीला वजिरापुढचं प्यादं दोन घरं गेलं, आठव्या खेळीला वजिराकडच्या उंटापुढचंही दोन घरं गेलं. हे सवयीत कुठे बसतं? युरोपियाने केलं की सिद्धान्त, आपल्या माणसाने केलं की सवय, असा हा हिशोब आहे. तत्त्वज्ञान शिकवताना मी हा हिशोब वेगळ्या वेषात पुष्कळदा पाहिला.

ग्रुनफेल्डवर मात्र माझा राग नाही. त्याने तो बचाव मोठ्या स्पर्धांत खेळून दाखवला, लोकांना त्याचा विचार करायला लावलं. आपल्याकडे सुरुवातीला तेवढी किंमतच नव्हती. मुंबईत 1814 साली तिरुवेंगडाचार्य शास्त्रींचं मूळ संस्कृतातलं बुद्धिबळाचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं. त्यात मुख्यतः मांडून दिलेल्या अडचणीच्या स्थिती आहेत, मात कशी करायची याची कोडी. प्यादेमात केली की आपला माणूस खूश. डाव कसा उघडला, हे कोण लक्षात ठेवतो?

मला खुपतं ते दुसरंच. कॉक्रेनला स्वतःचं नाव मिळालं, ग्रुनफेल्डला मिळालं. आणि महेशचंद्रांच्या वाट्याला आलं 'इंडियन', म्हणजे एका माणसाऐवजी अख्खा देश! किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन. गंमत बघा, 1930-31 च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत पंजाबच्या मीर सुलतान खानने कापाब्लांकाला हरवलं, तेव्हा क्वीन्स इंडियन खेळत होता तो क्यूबाचा कापाब्लांका. सुलतान खान पांढऱ्या बाजूला होता.

आणि हो, 1855 चा तो डाव महेशचंद्र हरले. हेही सांगायला हवं, नाहीतर मी वकिली करतोय असं व्हायचं. पण हरले ते सुरुवातीमुळे नव्हे. अठराव्या खेळीला त्यांचा घोडा कॉक्रेनच्या वजिरावर चालून गेला, आणि तिथेच घात झाला. कॉक्रेनने घोडा हलवून दुहेरी शह दिला, राजा कोपऱ्यात गेला, मग वजीर बळी दिला आणि शेवटी घोड्याने मात. काळा राजा आपल्याच मोहऱ्यांत कोंडला गेला. मागे टेबलावर पट मांडून ठेवलाय, अठराव्या खेळीपर्यंतचा. चहा होईपर्यंत बघा, काळ्याला दुसरं काय खेळता आलं असतं.