कंसातलं हैदराबाद

युद्धकाळातल्या लढाऊ विमानांवरची तांत्रिक पुस्तकं हा एक वेगळाच वाङ्मयप्रकार आहे. कथा नाही, नायक नाही. कोणत्या मॉडेलला कोणतं इंजिन, पंखाची लांबी किती, बंदुका किती, कोणता बदल कधी झाला, एवढंच. वरवर पाहिलं तर कोरडं काम. पण ज्यांना ‘हे चालतं कसं?’ हा प्रश्न झोपू देत नाही, त्यांच्यासाठी ही पुस्तकं कादंबरीइतकीच गुंतवणारी असतात.

मोटारदुरुस्तीच्या मॅन्युअल्ससाठी प्रसिद्ध असलेल्या हेन्स या ब्रिटिश प्रकाशनानं 2007 साली स्पिटफायरचं ‘ओनर्स वर्कशॉप मॅन्युअल’ काढलं. लेखक दोन: इतिहासकार आल्फ्रेड प्राइस आणि ब्रिटिश हवाई दलात जुनी विमानं उडती ठेवणारा तंत्रज्ञ पॉल ब्लॅका. एकाला कागदपत्रं पाठ, दुसऱ्याच्या हाताला ग्रीस. ही जोडीच पुस्तकाची ताकद आहे. स्पिटफायरला देव्हाऱ्यात न बसवता ते त्याला गॅरेजमध्ये उभं करतात. हे यंत्र आहे, ते खोलता येतं आणि पुन्हा जोडताही येतं, हा विश्वास वाचकाला मिळतो. चांगलं डॉक्युमेंटेशन नेमकं हेच करतं.

या प्रकारातली पुस्तकं सर्वांत रंगतात ती बग सांगताना. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनला कार्ब्युरेटर होता. विमानाचं नाक झटकन खाली केलं की इंधनाचा मेळ बिघडायचा आणि इंजिन क्षणभर गुदमरायचं. जर्मन मेसरश्मिटमध्ये इंधन थेट इंजेक्ट होत असल्यानं ते सरळ सूर मारून निसटायचं. 1941 च्या सुरुवातीला बीट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी पितळेचा, भोक असलेला एक छोटासा तुकडा तयार केला. त्यामुळे कार्ब्युरेटरमध्ये जास्तीचं इंधन घुसणं थांबलं. विमान सेवेतून न काढता तो बसवता यायचा, आणि शिलिंगबाई स्वतः तळोतळी फिरून तो बसवून घेत होत्या. संपूर्ण उपाय पुढे नव्या कार्ब्युरेटरनं झाला. आजच्या भाषेत सांगायचं तर आधी हॉटफिक्स, मग रीराइट.

इथवर माझी तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती या पुस्तकांच्या परिशिष्टांत. तिथे स्क्वॉड्रनच्या याद्या असतात आणि त्यांत नावं दिसतात: 124 (बडोदा), 152 (हैदराबाद). कोणत्या तुकडीच्या विमानावर कोणती अक्षरं रंगवली होती, हे ही पुस्तकं चोख सांगतात. कंसातलं नाव तिथे कसं आलं, हे मात्र बहुतेकदा ओलांडून जातात.

उत्तर सोपं आहे: पैसा. संस्थानिकांनी विमानांसाठी देणग्या दिल्या आणि तुकड्यांना त्यांची नावं मिळाली. बडोदा म्हणजे गायकवाड, मराठी राजघराणं. हैदराबाद म्हणजे निजाम. 152 च्या बोधचिन्हावर चक्क निजामाचं शिरोभूषण आहे आणि ब्रीद आहे ‘विश्वासू मित्र’. 1940 मध्ये इंग्लंडच्या आकाशात लढलेली ही तुकडी 1943 च्या अखेरीस भारतात आली आणि पुढे बर्माच्या आघाडीवर लढली.

मलकापुरात बसून हे वाचताना तो कंस मोठा होत जातो. कारण मलकापूर वऱ्हाडात आणि वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं. 1853 साली निजामाकडच्या फौजेचा खर्च भागवण्यासाठी इंग्रजांनी हा मुलूख आपल्या ताब्यात घेतला. 1902 च्या करारानं तो कायमच्या पट्ट्यानं त्यांच्याकडेच राहिला, आणि बदल्यात निजामाला दरसाल 25 लाख रुपये ठरले. ही रक्कम जिथून उभी राहायची, ती वऱ्हाडातली काळी जमीन आणि तिच्यावरचा कापूस. अमुक कापसाचं अमुक विमान झालं, असा हिशेब तिजोरीत होत नाही. पण तिजोरीत पैसा येतो कुठून, हा प्रश्न विचारता येतोच.

‘आम्ही यंत्रावर लिहितो, राजकारणावर नाही,’ असा बचाव होऊ शकतो. मला तो पटत नाही. आपण सॉफ्टवेअरवाले डिपेंडन्सीची यादी देतो ती उपकार म्हणून नाही. तिच्याशिवाय प्रोग्रॅम चालतच नाही म्हणून. देणगीसाठी एका स्पिटफायरची किंमत 5,000 पौंड धरली जायची, प्रत्यक्ष खर्च त्याहून जास्त होता. इंधनाची टाकी किती गॅलनची हे जर तांत्रिक असेल, तर ती भरण्याचा पैसा कुणाचा हेही तांत्रिकच आहे.

म्हणून ही पुस्तकं वाचू नका, असं अजिबात नाही. जरूर वाचा, त्यांच्याइतकी शिस्त आपल्या लेखनात क्वचित दिसते. मराठीत युद्धावर लिहिताना आपण शौर्यावर भरभरून लिहितो आणि यंत्र दोन ओळींत उरकतो. त्यांनी नेमकं उलट केलं. कार्ब्युरेटरही सांगेल आणि कंसही उघडेल असं पुस्तक लिहायला इंजिन समजणारा माणूस हवा, आणि वऱ्हाडच्या पट्ट्याची गोष्ट ठाऊक असलेलाही. असा माणूस इंग्लंडपेक्षा इकडेच सापडण्याची शक्यता जास्त आहे.