एका घराचे प्यादे

आपल्याकडच्या जुन्या देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचे. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी मिळायची, तीही शह बसलेला नसेल तर. अशा नियमांत वाढलेला माणूस पटाच्या मध्याकडे धाव घेत नाही. आधी घर आवरतो, उंट कोपऱ्यातल्या लांब तिरप्या पट्टीवर बसवतो आणि समोरच्याला पुढे येऊ देतो.

कोलकात्यात मोहेशचंद्र बॅनर्जी असे खेळत. बॅरिस्टर जॉन कॉक्रन यांच्याशी त्यांचे पुष्कळ डाव झाले आणि सुदैवाने लिहून ठेवले गेले. १८५५ चा एक डाव पटावर मांडून बघण्यासारखा आहे. कॉक्रननी वजिरापुढचे आणि त्याच्या शेजारच्या उंटापुढचे अशी दोन प्यादी दोन-दोन घरे पुढे काढली. मोहेशचंद्रांनी घोडा काढला, राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे एकच घर सरकवून उंटाला वाट केली आणि तिसऱ्या चालीला मध्यातल्या प्याद्यावर प्यादे भिडवले. डाव ते हरले. पण ही मांडणी आज ग्रुनफेल्ड बचाव म्हणून जगभर खेळली जाते, आणि अर्न्स्ट ग्रुनफेल्ड ती खेळले १९२२ मध्ये. ‘किंग्ज इंडियन’, ‘क्वीन्स इंडियन’ या नावांतला ‘इंडियन’ हा शब्द असल्याच खेळीतून आला. आपल्या मुलांना हे बचाव तोंडपाठ असतात, मोहेशचंद्रांचे नाव मात्र ठाऊक नसते, याचे मला फार वाईट वाटते.

त्याच काळात युरोपात ‘किंग्ज गॅम्बिट’ची धामधूम होती. दुसऱ्याच चालीला प्यादे देऊन टाकायचे आणि समोरच्या राजावर तुटून पडायचे. १८५१ मध्ये लंडनला अँडरसन यांनी एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन मात केली, तो ‘अमर डाव’ याच सुरुवातीचा. ही चाल मागे पडली ती लोकांना कंटाळा आला म्हणून नव्हे. दिलेले प्यादे घ्यावे, मार सोसावा आणि शेवटी त्याच प्याद्यावर जिंकावे, हे स्टाइनिट्झ यांनी शिकवले. बचाव सुधारला तशी हल्ल्याची किंमत कळली.

मग मोठ्या खेळाडूंनी वजिरापुढचे प्यादे हाती घेतले. १९२७ मध्ये ब्यूनॉस आयर्सला कॅपाब्लांका आणि अलेखिन जगज्जेतेपदासाठी ३४ डाव खेळले; त्यातले ३२ वजिराच्या गॅम्बिटच्या नकाराचे होते. पण तोवर रेटी, निम्झोविच यांची पिढी मध्य दुरून ताब्यात ठेवता येतो असे सांगू लागली होती. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला रेटींनी याच रीतीने कॅपाब्लांकांना हरवले. मोहेशचंद्रांच्या हाताला सवयीने आलेली गोष्ट युरोपात आता सिद्धांत म्हणून आली.

यानंतरचा बदल मला आवडीचा कमी आणि माहितीचा अधिक वाटतो. बेलग्रेडहून १९६६ पासून निघणारा ‘इन्फॉर्मेटर’ हा निवडक डावांचा संग्रह वर्षातून दोनदा यायचा आणि नव्या चाली त्यातून कळायच्या. खाडिलकर भगिनींची कारकीर्द या छापील पुस्तकांच्या काळातली. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतींनी जिंकली, आणि वासंती, जयश्री, रोहिणी या तिघींनी दशकभर तो किताब घराबाहेर जाऊ दिला नाही. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये आणि अभिजित कुंटे २००० मध्ये ग्रँडमास्टर झाले, तेव्हा संगणक नुकता घरात शिरत होता. पुस्तकांच्या त्या दिवसांत एखादी सुरुवात खेळाडूची ओळख असे. फिशर म्हणजे राजापुढचे प्यादे दोन घरे, हे सगळ्यांनी धरून ठेवलेले. म्हणून १९७२ मध्ये रेक्याविकला जगज्जेतेपदाच्या लढतीतल्या सहाव्या डावात त्यांनी उंटापुढच्या प्याद्याने सुरुवात केली तेव्हा सारेच चकित झाले.

२००० मध्ये कास्पारोव्ह यांच्याविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रामनिक यांनी बर्लिन बचाव बाहेर काढला. आठव्या चालीला दोन्ही वजीर पटाबाहेर, काळ्या राजाचा किल्लेकोटाचा हक्क गेलेला, प्यादी दुणावलेली. दिसायला काळ्याची बाजू पडकी. पण तिला कुठून खिंडार पाडावे हे कास्पारोव्हना अखेरपर्यंत सापडले नाही. त्या लढतीत त्यांना एकही डाव जिंकता आला नाही. दुबळी दिसणारी जागा टिकते का, हे तपासायचे बळ पुढे संगणकाने प्रत्येकाला दिले. २०१८ मध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसन आणि कारुआना यांचे बाराही डाव बरोबरीत सुटले.

जबलपूर जिल्ह्यातल्या मझौलीसारख्या तालुक्याच्या गावी बसलेल्या मुलीच्या मोबाइलवर स्टॉकफिश हे बुद्धिबळाचे इंजिन फुकट चालते. जगज्जेत्याच्या खोलीतही तेच असते. सगळ्यांना सगळे दिसू लागले तेव्हा वरच्या खेळाडूंनी उत्तम चालीचा हट्ट जरा सैल केला. समोरच्याने तयारी केलेली नसेल अशी, खेळायला पुरेशी बरी जागा ते शोधू लागले. इटालियन सुरुवातीत मध्यातले प्यादे एकच घर सरकवून सावकाश खेळणे पुन्हा रुळले. लंडन पद्धत एके काळी हौशी खेळाडूंची समजत. तीही वर चढली.

तयारीचे मोल संपले असे मात्र नाही. २०२४ च्या टोरांटोच्या कँडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, दुसऱ्याच फेरीत नाशिकचा विदित गुजराथी काळ्या मोहऱ्यांनी नाकामुराशी खेळत होता. डाव बर्लिनचा. विदितने सुरुवातीलाच पांढऱ्या राजासमोरच्या प्याद्यावर उंट दिला. ही चाल घरी शोधून आणलेली होती. ती पेलताना नाकामुराची घडी विस्कटली आणि त्याची ४७ डावांची अपराजित मालिका तुटली. या स्पर्धेतला मला सर्वांत आवडलेला डाव हाच. क्रामनिकच्या हातात जो बचाव भिंत होता, त्याच बचावातून इथे हल्ला निघाला.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बातुमीच्या महिला विश्वचषकात उपांत्य फेरीला माजी जगज्जेत्या तान झोंगयीला हरवले. सिसिलियनसमोर तिने अलापिन प्रकार निवडला. त्यात दुसऱ्या चालीला उंटापुढचे प्यादे एकच घर सरकते. त्या चालीत आजवर कुणाला मोठा फायदा सापडलेला नाही आणि तिला तो नकोही असावा. डाव १०१ चालींचा झाला. हेलकावे बसले, दोघींच्या चुका झाल्या, पण शेवटपर्यंत पट पाहत राहिली ती दिव्या. तो चषकही तिनेच जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली.

आपल्या शिकवणी वर्गांत दहा वर्षांच्या मुलांना सिसिलियनच्या वीस-वीस चाली घोकायला लावतात, याला माझा स्पष्ट विरोध आहे. जी ओळ आज पाठ करून घेतली, ती मूल मोठे होईपर्यंत संगणक बदलून टाकतो. हत्ती-प्याद्यांचा शेवट मात्र बदलत नाही. शिक्षकांनी आणि पालकांनी वर्षभर एवढे करून पाहावे: मुलाला एकच साधी सुरुवात द्यावी, आठवड्यातून एक डाव शेवटच्या चालीपर्यंत खेळू द्यावा, आणि पहिल्याच महिन्यात मोहेशचंद्रांचा १८५५ चा तो डाव पटावर मांडून दाखवावा.