टीव्हीवरचा प्रेक्षक आणि कबड्डीचे बारा संघ

दिंद्रुडकर मंडळी, विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की आज नुसत्या कबड्डीच्या गप्पा होणार. गप्पा होतीलच. पण आमचं खरं भांडण एका वाक्याशी आहे. २०१७ साली प्रो कबड्डी लीग आठ संघांवरून बारा संघांवर गेली, तेव्हा एकच कारण सगळीकडे ऐकू येत होतं: लोकांनी एवढी पाहिली, म्हणून लीग वाढली. वाक्य ऐकायला गोड आहे. आपण पाहिलं, आपल्यामुळे वाढली, असं वाटून छाती फुगते. ते कितपत खरं आहे, हे आज तपासून पाहू.

२६ जुलै २०१४ ला मुंबईत लीग सुरू झाली. पहिल्या हंगामात ६० सामने झाले, आणि तो संपल्यावर आकडा आला ४३.५ कोटी प्रेक्षकांचा. देशात आयपीएलच्या खालोखाल! ज्या खेळाला शहरातली माणसं 'हुतूतू का?' असं नाक मुरडून विचारायची, त्या खेळाचा हा आकडा. आम्हालाही तेव्हा आनंदच झाला होता, खोटं कशाला बोला.

पण आकडा कसला होता ते बघा. याला 'रीच' म्हणतात. टीव्हीच्या मोजणीत साधारणपणे एखाद्याने रिमोट फिरवता फिरवता मिनिटभर कार्यक्रम पाहिला, तरी तो रीचमध्ये धरला जातो. दिंद्रुडचा एखादा म्हातारा रोज रात्री जेवण बाजूला ठेवून सामना शेवटच्या चढाईपर्यंत पाहतो, तोही एक; आणि मिनिटभर थांबून पुढच्या चॅनलवर गेलेला, तोही एक. चाहता कोण आणि वाटसरू कोण, हे त्या आकड्यात दिसत नाही.

आता २०१७ मध्ये नवे संघ कुठे गेले? गुजरात, हरियाणा, तमिळनाडू, उत्तर प्रदेश. हरियाणाचं आम्ही समजू शकतो, तिथली माती कबड्डीचीच आहे. पण बाकीचं गणित खेळाचं कमी आणि बाजारपेठेचं जास्त होतं. सामने ६० वरून १३८ वर गेले, पाच आठवड्यांची लीग तीन महिन्यांची झाली. तेवढ्या जाहिराती वाढल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला नवं काही आलं नाही, कारण मुंबई आणि पुणे आधीच होते. मराठवाड्यातला प्रेक्षक? तो तर सामने पाहतच होता. जो आधीच बसलेला आहे, त्याच्यासाठी नवी सतरंजी कोण अंथरतो? मोजणीच्या तक्त्यात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच बाजार धरतात, त्यात माजलगाव तालुका कुठे शोधणार?

हे गणित उघड्यावर बघायचं असेल तर अमेरिकेत जावं लागतं. तिथे कॉलेजांचं फुटबॉल असतं. आपल्यासारखं पायाने खेळतात ते नव्हे, लांबट चेंडू काखेत मारून धावतात ते. आपल्या दोन विद्यापीठांचा सामना आहे आणि अख्खा देश टीव्हीपुढे बसलाय, अशी कल्पना करा. तिथे हे दर शनिवारी घडतं. ही विद्यापीठं गट करून खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. १९८४ पर्यंत टीव्हीवर कोणता सामना दाखवायचा हे एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवायची. त्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा मक्ता मोडला. विद्यापीठं आणि त्यांचे गट आपापले हक्क विकायला मोकळे झाले.

त्यातला 'बिग टेन' हा १८९६ सालचा गट. नावात दहा, आणि संघ आज अठरा. (हशा) २०१४ मध्ये त्यांनी न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाला आत घेतलं. रटगर्सचा संघ काही फार गाजलेला नव्हता. पण न्यू जर्सी न्यूयॉर्कला खेटून आहे. गटाचं स्वतःचं चॅनल होतं, आणि त्या चॅनलसाठी केबलवाल्याला दर घरामागे पैसे द्यावे लागत, मग त्या घरात सामना कुणी बघो न बघो. संघ घेतला रटगर्सचा, पण डोळा होता न्यूयॉर्कच्या घरांवर. पुढे लॉस एंजेलिसची दोन मोठी विद्यापीठं याच गटात आली. आता कॉलेजची पोरं सुमारे चार हजार किलोमीटर उडून 'गटातला' सामना खेळायला जातात. आणि ती दोघं ज्या पॅक-१२ गटातून निघाली, त्यातली एकूण दहा विद्यापीठं २०२४ मध्ये बाहेर पडली. मागे दोनच राहिली, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही लहान गावांतली. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मैदानावर येतात, पण त्यांच्या गावात घरंच किती? निष्ठा भरपूर, घरं थोडी. टीव्हीच्या हिशेबात पहिल्या गोष्टीला रकानाच नाही.

आता परत आपल्याकडे येऊ. आपल्याकडे एक गाठ आणखी घट्ट आहे. २०१५ मध्ये स्टारने लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समध्ये ७४ टक्के हिस्सा घेतला. म्हणजे सामना दाखवणारा आणि सामना भरवणारा एकच. मग तारखा कशा ठरतात ते बघा. पहिली वर्षं लीग पावसाळ्यात व्हायची. नंतर ती कधी ऑक्टोबरात, कधी डिसेंबरात गेली. २०२३ चा हंगाम २ डिसेंबरला सुरू होऊन १ मार्चला संपला. बीड जिल्ह्याला हे महिने काय आहेत, ते आम्ही तुम्हाला सांगायचं? मुकादमाची उचल घेतलेले कोयते तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर असतात. घराला कुलूप, नाहीतर मागे म्हातारी माणसं. मोजणीचं मीटर बसतं घरातल्या टीव्हीला, तेही ठरावीक घरांत. २०२० साली देशभरात अशी घरं साधारण ४४ हजार होती. कोपीत मोबाइलवर सामना पाहणारा गडी त्या मीटरात कुठून येणार?

आणि त्याच हंगामात पुणेरी पलटण अजिंक्य ठरली. कप्तान होता अस्लम इनामदार, शेजारच्या नगर जिल्ह्यातला. आपल्याच भागातलं पोर करंडक उचलत होतं, तेव्हा आपल्यातले निम्मे ऊस तोडत होते.

कुणी म्हणेल, टीव्ही नसता तर या पोरांना विचारलं कुणी असतं? बरोबर आहे. २०१४ च्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांचा. २०१८ मध्ये मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख मिळाले. कबड्डीवर घर चालतं हे टीव्हीने दाखवलं, त्याला आम्ही नावं ठेवत नाही. आमची तक्रार एवढीच, की जे बाजारासाठी केलं ते 'प्रेक्षकांसाठी' म्हणून सांगू नये. २०२५ चा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाला. महाराष्ट्राचे दोन संघ, आणि महाराष्ट्रात सामना एकही नाही.

एक गोष्ट राहिली. २०१६ मध्ये पुरुषांच्या हंगामाबरोबर बायकांचीही स्पर्धा झाली होती, तीन संघांची. त्यातल्या एका संघाची कप्तान होती मुंबईची अभिलाषा म्हात्रे, २०१२ ला पाटण्यात विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातली. चॅनल तेच, खेळ तोच. पुढच्याच वर्षी पुरुषांचे चार संघ वाढले, बायकांची ती स्पर्धा मात्र पुन्हा भरली नाही.

दुसऱ्या रांगेत शाळेच्या मुली बसल्यात, मघापासून एकीचा हात वर आहे. आता प्रश्न घेऊ. आधी तिचा.