त्सअन विहाराचा स्तूप : वसंतातील आरोहण आणि शरदातील काव्य

थांग काळातील चिनी काव्यात उंच स्थळी चढून केलेल्या रचनांची एक स्वतंत्र परंपरा आढळते. टेकडी, मनोरा किंवा स्तूप चढावा, भोवतालचा प्रदेश न्याहाळावा आणि त्या दर्शनातून उमटलेला भाव शब्दबद्ध करावा, असे या परंपरेचे सामान्य स्वरूप आहे. राजधानी छांग-आन, म्हणजे आजचे शीआन, येथील त्सअन विहाराचा स्तूप हे अशा आरोहणाचे विशेष प्रिय स्थान होते. त्याच्याशी निगडित असलेल्या काव्याचा विचार करताना ऋतूचा भेद सहसा दुर्लक्षिला जातो. वस्तुतः या काव्याचे मर्म त्या भेदातच आहे.

हा विहार इ. स. ६४८ मध्ये युवराज ली च्‌र याने आपल्या दिवंगत मातेच्या स्मरणार्थ स्थापन केला. भारतातून ६४५ मध्ये परतलेल्या ह्युएन-त्संगाने आणलेले ग्रंथ व मूर्ती सुरक्षित राहाव्यात म्हणून ६५२ मध्ये तेथे स्तूप उभारण्यास प्रारंभ झाला. बांधकामाच्या वेळी ह्युएन-त्संगाने स्वतः विटा वाहिल्या, असे त्याचा चरित्रकार सांगतो. मूळची पाच मजली वास्तू लवकरच खचली आणि आठव्या शतकाच्या आरंभी तिची पुनर्रचना झाली. आज उभा असलेला सात मजली स्तूप सुमारे ६४ मीटर उंच आहे. महाराष्ट्र देशाचे आणि पुलकेशीच्या राज्याचे वर्णन करणारा हाच तो प्रवासी. मगधातील हंसस्तूपाची जी कथा त्याने नोंदविली, तिच्याशी या वास्तूच्या ‘हंसस्तूप’ या रूढ नावाचा संबंध जोडला जातो.

वसंतात या स्थळाचे रूप उत्सवाचे असे. राज्यपरीक्षेचा निकाल वसंतात लागे. उत्तीर्ण झालेले जिन्शी जवळच्या छ्युच्यांग सरोवराकाठी मेजवानीस जमत आणि नंतर स्तूपावर आपली नावे लिहीत. ही प्रथा आठव्या शतकाच्या प्रथम दशकापासून रूढ झाल्याचे मानले जाते. ८०० साली उत्तीर्ण झालेल्या बाय ज्यू-यीच्या नावावर असलेल्या एका त्रुटित द्विपदीत, सतरा जणांत आपण सर्वांत तरुण असल्याचा अभिमान प्रकट झाला आहे. वसंतातील आरोहण हे अशा रीतीने प्राप्तीचे आरोहण होते. चढणाऱ्याची दृष्टी भूमीकडे कमी आणि भिंतीवरील आपल्या नावाकडे अधिक असे.

७५२ मधील प्रसिद्ध आरोहण मात्र शरदातले. गाओ शी, श्वे ज्यू, त्सन शन, छू ग्वांगशी आणि दू फू या पाच कवींनी या स्तूपावर कविता रचल्या. त्यांपैकी श्वे ज्यूची कविता लुप्त झाली आहे. विषय एक, स्थळ एक, ऋतू एक. म्हणूनच उरलेल्या चार रचना तौलनिक अभ्यासास दुर्मीळ संधी देतात.

त्सन शन आणि छू ग्वांगशी हे दोघेही जिन्शी होते. त्सन शनला पर्वतरांगा पूर्वेकडे धावणाऱ्या लाटांसारख्या दिसतात, राजमार्गाच्या दुतर्फा वृक्ष आणि पलीकडे प्रासाद दिसतात; शेवटी तो अधिकारपद सोडून धर्ममार्ग पत्करण्याचा संकल्प करतो. छू ग्वांगशी विश्वाच्या शून्यतेकडे वळतो आणि उंचावर फार काळ राहणे धोक्याचे, असे सुचवितो. गाओ शीला सेवेची संधी नसल्याची खंत आहे. दू फू परीक्षेत दोनदा अपयशी ठरलेला, वयाच्या चाळिशीतही पदाविना होता. ज्यांना पद सुलभ होते ते त्याच्या त्यागाची भाषा बोलतात. ज्याला ते तोवर लाभले नव्हते तो राज्याची चिंता वाहतो. हा विरोध लक्षणीय आहे.

दू फूच्या कवितेत पर्वत अकस्मात भंगलेले दिसतात, चिंग व वेई या नद्या ओळखू येत नाहीत, राजधानीही धूसरतेत विरून जाते. तीन वर्षांनी, ७५५ मध्ये, आन लू-शानचे बंड उसळले. त्यामुळे अनेक टीकाकारांनी या ओळींत भविष्यवाणी पाहिली. हे मत मोहक असले तरी ग्राह्य वाटत नाही. चोवीस ओळींच्या या कवितेत शेकडो चिंतांचा उल्लेख चौथ्याच ओळीत येतो, तर भंगलेले पर्वत तेराव्या ओळीत. चिंता दृश्यातून जन्मलेली नाही; ती जिना चढण्यापूर्वीच मनात होती, आणि दृश्याला तिने आपला रंग दिला. प्राचीन आदर्श सम्राट शुन याला कवी हाक मारतो, तेव्हा ती भविष्याची सूचना नसून वर्तमान दरबाराविषयीचा असंतोष असतो. शेवटी धान्याच्या शोधात सूर्यामागे उडणारे हंस येतात. शीर्षकात स्तूपाचे नाव केवळ विहारावरून दिलेले असल्याने येथे श्लेष मानण्याचा आग्रह धरता येत नाही. परंतु स्वार्थसाधूंवरील उपरोध निःसंशय आहे.

या मताला दू फूच्याच दुसऱ्या एका कवितेचा आधार मिळतो. ७५७ च्या वसंतात, बंडखोरांच्या ताब्यातील नगरात, तो छ्युच्यांगकाठी लपतछपत हिंडला आणि त्यावर त्याने शोककाव्य रचले. तेथे प्रासादांची बंद दारे आहेत, कोवळी हिरवळ आहे, घोडेस्वारांची धूळ आहे. विनाश नावानिशी आणि वस्तुरूपाने येतो. घडलेली आपत्ती हा कवी कशी लिहितो हे तेथे दिसते. ७५२ च्या कवितेत तसे काही नाही. तिला भविष्यवाणी ठरविणे म्हणजे तिचे श्रेय नंतरच्या इतिहासाला देणे होय. बंड झालेच नसते, तरीही ती चारही रचनांत श्रेष्ठ ठरली असती. कारण इतरांनी स्तूपावरून देश पाहिला, तर दू फूने देशाविषयीची आपली जबाबदारी पाहिली.