मुदतीत लिहिलेला निबंध

भीमराव रामजी आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात एक निबंध वाचला. ‘कास्ट्स इन इंडिया : देअर मेकॅनिझम, जेनेसिस अँड डेव्हलपमेंट’ हे त्याचे शीर्षक. वर्षभराने, मे १९१७ च्या ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात तो छापून आला. आंबेडकरांच्या लेखनाचा आरंभ या निबंधापासून मानण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु आपण हा आरंभ बहुधा शेवटाकडून वाचत आलो आहोत. १९३६ चे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’, १९५० ची राज्यघटना, १९५६ चे धर्मांतर हे सारे मनात ठेवून आपण या पानांकडे वळतो आणि पुढच्या गर्जनेचे पहिले स्वर त्यांत शोधू लागतो. ते सापडतातही. मात्र त्या शोधात निबंध लिहिणारा विद्यार्थी नाहीसा होतो. प्रस्तुत लेखात त्या विद्यार्थ्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम तारखेकडे पाहू. अमेरिकी विद्यापीठांत वर्ष दोन सत्रांत विभागलेले असते आणि वसंतसत्राचा शेवट मे महिन्याच्या आसपास येतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा महिना हिशेब चुकते करण्याचा. वर्षभर ग्रंथालयात बसून जे टिपले ते आता लिहून, वाचून दाखवून, अध्यापकांच्या हाती द्यावयाचे असते. आंबेडकरांच्या दोन लागोपाठच्या वसंतसत्रांच्या अशा खुणा आपल्याजवळ आहेत. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व अर्थव्यवस्था यांवरील त्यांच्या प्रबंधावर १५ मे १९१५ ही तारीख आहे. त्यानंतर एका वर्षाने, जवळजवळ त्याच दिवसांत, जातिविषयक निबंध येतो. विद्यापीठाच्या या मुदतीवर आणखी एक मुदत होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची आणि तीन वर्षांपुरती होती. आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले. म्हणजे १९१६ च्या उन्हाळ्यात ती संपत होती. निबंध वाचला तेव्हा हाती जेमतेम काही आठवडे उरले होते.

या तीन वर्षांतील त्यांचा दिनक्रम चरित्रकारांनी पुष्कळ रंगविला आहे. त्याची पुनरुक्ती येथे नको. आधी हार्टली हॉल, पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या मित्राबरोबरचा मुक्काम, आणि त्या काळी लो ग्रंथालयाच्या घुमटाखाली असलेला विद्यापीठाचा ग्रंथसंग्रह, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे. अधिक बोलका आहे तो त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांचा आकडा. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानवशास्त्राचे ४. ज्या विषयात या विद्यार्थ्याने पदवी मागितली तो अर्थशास्त्र. त्याच वर्षी ‘नॅशनल डिव्हिडंड ऑफ इंडिया’ या त्यांच्या मोठ्या प्रबंधाचे काम चालू होते. मानवशास्त्र ही बाजूची वाट. आंबेडकरांनी १९३० मध्ये कोलंबियातील आपल्या गुरुजनांचे कृतज्ञतेने स्मरण केले तेव्हा ड्यूई, शॉटवेल, सेलिग्मन आणि रॉबिन्सन ही नावे घेतली. गोल्डनवायझर त्यांत नाहीत. असे असूनही त्या तीन वर्षांतील लेखनापैकी आज देशभरच्या वर्गांतून वाचला जातो तो या बाजूच्या वाटेवरचा निबंध. प्रबंधांपर्यंत अभ्यासकच जातात.

याचे कारण केवळ विषयाच्या जिव्हाळ्यात शोधणे पुरेसे नाही. चर्चासत्रातील निबंध हा प्रकारच मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. होऊन आलेल्या विद्यार्थ्याला नवा होता. आपल्याकडे त्या काळी ज्ञानाची कसोटी म्हणजे वार्षिक परीक्षा. प्रश्न दुसऱ्याचा आणि उत्तराची चौकटही दुसऱ्याची. चर्चासत्रात प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः निवडावयाचा, तोही असा की तासा-दीड तासात मांडता येईल आणि समोर बसलेले सहाध्यायी त्यावर हरकत घेऊ शकतील. आता आपल्याकडेही सत्रपद्धती आली आहे आणि सत्र संपताना अध्यापकांच्या टेबलावर निबंधांचे गठ्ठे पडतात. त्यांतील बहुसंख्य निबंध विषयाचा सगळा परीघ कवेत घेऊ पाहतात आणि म्हणून कोठेच पोचत नाहीत. मीही असेच लिहीत असे.

आंबेडकरांनी हा मोह आरंभीच टाळलेला दिसतो. पाँपेईचे अवशेष दाखविणाऱ्या वाटाड्याची आठवण देऊन ते श्रोत्यांना विश्वासात घेतात. जुन्या वस्तूंचे प्रदर्शन असते तसे मानवी संस्थांचेही असू शकते, ही कल्पना अमेरिकी श्रोत्यांसाठी मुद्दाम बेतलेली आहे. तिच्यामागोमाग ते सांगतात की जातीचा प्रश्न अफाट असून तो संपूर्ण हाताळू गेल्यास आपल्याला वेळ, जागा आणि कुवत तिन्ही अपुरी पडतील. सबब उगम, यंत्रणा आणि प्रसार एवढ्याचाच विचार करू. याला नम्रतेचा रिवाज म्हणून सोडून देता येत नाही, कारण पुढे हा संकोच खरोखर पाळलेला आहे. मुदतीने विद्यार्थ्याला एकच धागा धरावयास लावले आणि तो धागा त्याने अंतर्विवाह हा धरला.

तेथे पोचण्याआधी पूर्वसूरींचा समाचार येतो. सेनार, नेसफील्ड, रिस्ले यांच्या व्याख्या थोडक्यात तपासून बाजूला सारल्या जातात. चौथे नाव श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे. मराठी वाचकाने येथे थांबावे. न्यूयॉर्क राज्यातच, इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात केतकर काही वर्षे आधी पदव्युत्तर विद्यार्थी होते. ‘द हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तेही पंचवीस वर्षांचेच होते, पीएच. डी. त्यांना १९११ मध्ये मिळाली. पुढे ज्ञानकोशकार म्हणून आणि ‘ब्राह्मणकन्या’सारख्या कादंबऱ्यांचे लेखक म्हणून ते मराठी वाङ्मयेतिहासात स्थिरावले, त्यांच्या या विद्यार्थिदशेतील ग्रंथाकडे वाङ्मयाचे अभ्यासक क्वचितच वळतात. आंबेडकरांनी त्यांना इतरांपेक्षा वरचे स्थान दिले आहे. केतकर एतद्देशीय आहेत, त्यांची दृष्टी चिकित्सक आणि मन मोकळे आहे, असा निर्वाळा ते देतात. जातीची व्याख्या एकेका जातीपुरती न करता जातींच्या व्यवस्थेच्या संदर्भात केली, याचे श्रेयही देतात. नंतर एका वाक्यात कोपरखळी येते. जातीबाहेर विवाह करण्यास बंदी आणि जन्मानेच मिळणारे सदस्यत्व ही केतकरांनी दोन वेगळी लक्षणे मानली. आंबेडकर दाखवितात की ही एकाच पदकाची पुढची व मागची बाजू आहे. विवाह बंद केला की बाहेरून कोणी सदस्य येण्याचा मार्ग आपोआपच बंद होतो. एका चित्पावन विद्यार्थ्याने मांडलेली व्याख्या एका महार विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यापीठाच्या चर्चासत्रात दुरुस्त केली. त्या दुरुस्तीत कडवटपणाचा लवलेश नाही. मराठी वैचारिक वाङ्मयातील हा एक महत्त्वाचा संवाद इंग्रजीत आणि परदेशात झाला, म्हणूनच बहुधा आपल्या वाङ्मयेतिहासांतून तो निसटला.

निबंधाचा सर्वांत बळकट भाग यानंतरचा. भारतीय समाजात मुळात बहिर्विवाहाचा नियम आहे, गोत्र आणि सपिंड टाळले जातात. या बहिर्विवाहावर अंतर्विवाह लादला गेला की जात तयार होते, हे सूत्र मांडून आंबेडकर एक साधा हिशेब करतात. गट बंद करावयाचा असेल तर त्यातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. मृत्यू तो तोल बिघडवितो. नवरा मेला की एक स्त्री अतिरिक्त होते, बायको मेली की एक पुरुष. अतिरिक्त स्त्रीची विल्हेवाट दोन प्रकारे लावता येते : तिला नवऱ्याबरोबर जाळावे किंवा जन्मभर विधवा ठेवावे. अतिरिक्त पुरुष मात्र गटाला हवा असतो. त्याला जाळता येत नाही आणि त्याच्यावर ब्रह्मचर्य लादणे व्यवहारात टिकत नाही. मग त्याला अद्याप विवाहयोग्य न झालेल्या मुलींतून बायको द्यावयाची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी अशा रीतीने एकाच बेरीज-वजाबाकीतून निघतात. त्या रूढींचे उदात्तीकरण करणारी तत्त्वज्ञाने पुष्कळ आहेत. आंबेडकरांच्या मते ती मागाहून आली, रूढी आधी होत्या.

हा भाग वाचताना अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम जाणवतात. मागणी, पुरवठा, शिल्लक या परिभाषेची सवय झालेला माणूस घराच्या उंबऱ्याआतल्या गोष्टी मोजतो आहे. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात सती, केशवपन, बालविवाह यांवर विपुल लेखन झाले. लोकहितवादी, जोतीराव फुले, ताराबाई शिंदे, आगरकर यांनी या विषयाला करुणा, संताप आणि उपहास यांचे सर्व रंग दिले. आंबेडकरांच्या या पानांत यांपैकी एकही रंग नाही. विधवेच्या दुःखाचे वर्णन नाही. ‘अतिरिक्त’ हे विशेषण तेवढे आहे आणि ते वारंवार येत राहते. माझ्या मते या निबंधाचे वाङ्मयीन सामर्थ्य त्या विशेषणात साठलेले आहे. अंत:करण हेलावून टाकण्याचा प्रयत्न न करता केवळ हिशेब मांडल्यामुळे जातीचे रक्षण स्त्रीच्या देहावर उभे आहे, हे ज्या स्पष्टपणे दिसते तसे भावनेच्या भरात दिसले नसते. जात आणि स्त्रीदास्य यांचा संबंध पुढील काळातील स्त्रीवादी अभ्यासकांनी विस्ताराने मांडला. त्याचा आराखडा या सत्रांत निबंधात आहे.

प्रसाराच्या विवेचनातही एक सुंदर अनुमान आहे. पुरोहितवर्गाने आपले दार प्रथम लावून घेतले. बाकीच्यांपैकी काहींनी त्यांचे अनुकरण केले, काहींच्या तोंडावर ते बंद झाले. तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचे अनुकरणाचे नियम ते येथे वापरतात : अनुकरण वरून खाली वाहते आणि अंतर वाढेल तसे क्षीण होते. पुरावा म्हणून पुन्हा त्या तीन रूढीच पुढे येतात. ब्राह्मणांना अगदी जवळच्या जातींनी तिन्ही रूढी उचलल्या, त्यांच्या पलीकडच्यांनी वैधव्य आणि बालविवाह, आणखी दूरच्यांनी फक्त बालविवाह, आणि सर्वांत दूर असलेल्यांनी जातीवरची श्रद्धा तेवढी. ओढ्याचे पाणी उताराने जावे तसे हे विधान वाचकाला खाली नेते.

तथापि या निबंधात मुदतीच्या खुणा उणिवांच्या रूपानेही दिसतात आणि भक्तिभावाने त्या झाकण्याचे कारण नाही. आधी एकच जात होती आणि ती ब्राह्मणांची, हे विधान इतिहासाच्या साधनांनी सिद्ध केलेले नाही. रूढी जेथे सर्वांत कडक तेथे त्या मूळच्या, एवढ्या अनुमानावर ते टेकले आहे. पुरोहितवर्गाने दार का लावले, या प्रश्नाला निबंध बगल देतो. कोणत्या प्रांतात, कोणत्या जातीत कोणती रूढी किती, याचा एकही तक्ता नाही. शेवटी निष्कर्ष चार कलमांत गोळा केलेले आहेत, तेही घाईने. सत्र संपत आलेल्या विद्यार्थ्याचा हात तेथे ओळखू येतो. आपली उपपत्ती टिकत नाही असे कोणी दाखवून दिले तर ती सोडण्याची तयारी मात्र ते त्याच पानांत नोंदवितात.

सर्वांत मोठी उणीव, तिला उणीव म्हणावे काय हा प्रश्नच आहे, ती लेखकाविषयीची. वाचणाऱ्याची जात कोणती हे निबंधात कोठेही सांगितलेले नाही. अस्पृश्यतेचा स्वतंत्र विचारही नाही. विटाळाची कल्पना सेनारच्या व्याख्येच्या निमित्ताने येते आणि ती जातीचे सारभूत लक्षण नव्हे असे ठरवून लेखक पुढे जातो. ज्याच्या शाळेतील पाण्याचा घोट विटाळाने अडविला होता, त्याने हे लिहावे याने आजचा वाचक चकित होतो. काहींना यात दडपण दिसते. मला तसे वाटत नाही. चर्चासत्राच्या खोलीत आंबेडकर एका प्रश्नाचे जाणकार म्हणून उभे होते. साक्षीदार म्हणून बोलण्याची सक्ती तेथे त्यांच्यावर कोणी केली नव्हती. ती मोकळीक त्यांनी पुरेपूर वापरली. स्वदेशात परतल्यावर ती त्यांना फारशी लाभली नाही.

निबंध वाचून झाल्यावर काही आठवड्यांतच ते लंडनला गेले. तेथील अभ्यास शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये अर्धवट सोडावा लागला आणि परतीच्या प्रवासात त्यांचे सामान नेणारी बोट पाणतीराने बुडाली. कोलंबियाची पीएच. डी. १९२७ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी हाती आली. जातीच्या प्रश्नावर ते आयुष्यभर लिहीत राहिले, परंतु त्या लेखनाच्या तारखा आता विद्यापीठाच्या पंचांगातून येत नव्हत्या. परिषदा, निवडणुका, सत्याग्रह, न झालेली अध्यक्षीय भाषणे हे त्यांचे निमित्त असे. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’च्या तिसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, १९४४ मध्ये, ते ९ मेच्या त्या निबंधाकडे परत वळतात. तो या पुस्तकात सामावून घेऊन सारे नव्याने लिहावे असा आपला मानस होता, असे ते सांगतात. पण वेळ मिळाला नाही, पुढे मिळेल अशी चिन्हे नाहीत आणि वाचकांची मागणी निकडीची आहे, म्हणून मागील आवृत्तीच पुन्हा छापीत आहोत.

महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात वसंत मून यांनी हे दोन मजकूर लागोपाठ ठेवले आहेत : आधी विद्यार्थ्याचा निबंध, लगेच पुढे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. एक संपतो आणि पान उलटताच दुसरा सुरू होतो. ज्या पुनर्लेखनात ते दोन्ही एक व्हावयाचे होते, ते त्या पानांच्या मध्ये नाही.